दारात प्रगणक येण्याआधी: घरातलं एकेक माणूस मोजलं जावं म्हणून

२०११ च्या जनगणनेसाठी फेब्रुवारीत मी प्रगणक होते, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजणारी. शाळा सुटली की पिशवीत फॉर्मचा गठ्ठा, भागाचा नकाशा आणि दोन पेनं घ्यायची, नेमून दिलेल्या वस्तीत घरोघर बसायचं आणि अंधार पडला की परतायचं, असा तो महिना. एका घरी घरधनी म्हणाले, "लिहा बाई, आम्ही चौघं." मी चौघांची माहिती लिहिली. सही घेण्याआधी सवयीने विचारलं, "लहान बाळ कोणी? म्हातारं माणूस?" आतून आवाज आला, "बाळ आहे की, अठरा दिवसांचं. बारसं झालं नाही अजून." मग मागच्या खोलीत अंथरुणावर असलेल्या आजी आठवल्या. चौघांचे सहा झाले. त्या माणसाला काही लपवायचं नव्हतं. बाळाला नाव नव्हतं आणि आजींचं नाव रेशनकार्डावर धाकट्या मुलाकडे होतं, म्हणून दोघं त्यांच्या तोंडी आले नाहीत, इतकंच.

जनगणना झाली की काही निवडक भागांत पुन्हा जाऊन पडताळणी केली जाते. २०११ च्या पडताळणीत दर हजारी सुमारे २३ माणसं मोजणीतून निसटल्याचं दिसलं. १२१ कोटींच्या देशात ही संख्या पावणेतीन कोटींच्या वर जाते. हे वाचलं तेव्हा मला ते अठरा दिवसांचं बाळ आठवलं.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांनी आजवर जनगणनेला स्वतः उत्तरं दिलेली नाहीत. अशी माणसं आज फार आहेत. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता होत आलेली ही गणना २०२१ मध्ये करोनामुळे पहिल्यांदा चुकली. २०११ मध्ये जो पंधरा वर्षांचा होता आणि आई-वडील बोलत असताना बाजूला बसून ऐकत होता, तो आज तिशीचा आहे. त्याचं स्वतःचं घर आहे, नाहीतर भाड्याची खोली आहे. यावेळी उत्तरं त्यालाच द्यायची आहेत.

प्रगणक दोनदा येतो

पुष्कळ जण पहिल्या फेरीनंतर "आमची जनगणना झाली" असं समजून मोकळे होतात. म्हणून हे आधी सांगते. २०२७ ची जनगणना दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा घरयादी आणि घरगणनेचा. त्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ ठरवला आहे आणि त्यात प्रत्येक राज्याने आपापले ३० दिवस निवडायचे आहेत. या फेरीत प्रश्न घराबद्दल असतात. दुसरा टप्पा फेब्रुवारी २०२७ चा, प्रत्यक्ष माणसं मोजण्याचा. त्यात प्रश्न माणसागणिक असतात. लडाख आणि बर्फाने वेढल्या जाणाऱ्या डोंगराळ भागांत ही मोजणी आधी उरकते, बाकी सगळ्या देशासाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा संदर्भ क्षण धरला आहे. म्हणजे २८ फेब्रुवारीचे बारा वाजून तारीख बदलेल त्या घडीला देशात किती माणसं होती, हे सांगणारा आकडा तयार होतो.

पहिल्या फेरीत माणसांबद्दल कुटुंबप्रमुखाची नोंद आणि कुटुंबात एकूण माणसं किती, एवढंच लिहिलं जातं. तुमचं नाव, वय, शिक्षण, काम, भाषा हे सगळं दुसऱ्या फेरीत. तेव्हा पहिली झाली म्हणून दुसरी सोडू नका.

आदल्या संध्याकाळी कागद घेऊन बसा

मला तयारीतलं एकच काम सांगा म्हटलं, तर हे सांगेन. घरात राहणाऱ्या सगळ्यांची यादी एका कागदावर करा. रेशनकार्ड समोर ठेवून करू नका, मतदारयादी पाहूनही करू नका. ते कागद वेगळ्या कामाचे आहेत. जनगणनेत कुटुंब म्हणजे एरवी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. नातं असलंच पाहिजे असं नाही. एकाच छपराखाली दोन भाऊ वेगळी चूल मांडून राहत असतील तर ती दोन कुटुंबं. चार मित्र भाड्याच्या खोलीत राहून एकत्र स्वयंपाक करत असतील तर ते एक कुटुंब. घरी मुक्कामाला असलेली कामवाली मुलगी तुमच्या स्वयंपाकघरात जेवत असेल तर ती तुमच्या यादीत.

यादीतून सुटतात ती माणसं ठरलेली आहेत. तान्ही बाळं, वळचणीला पडलेली म्हातारी माणसं, माहेरी येऊन राहिलेली बहीण, शिक्षणासाठी काकांकडे ठेवलेला पुतण्या, भाडेकरू. भाडेकरूंच्या बाबतीत घरमालक कधी कधी परस्पर "वर कोणी राहत नाही" असं सांगून टाकतो. तुम्ही भाड्याने राहत असाल तर घरमालकाच्या भरवशावर राहू नका. भाडेकरार नसला तरी बिघडत नाही. तुम्ही तिथे राहता, एवढं पुरे.

बाहेरगावी असलेल्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. २०११ मध्ये नियम सोपा होता. मोजणीच्या त्या वीस दिवसांत जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी थोडातरी काळ होता, तो घरी मोजला गेला. जो पूर्ण काळ बाहेर होता, तो जिथे होता तिथे. वसतिगृहातला विद्यार्थी वसतिगृहात मोजला जातो, घरच्या यादीत त्याला पुन्हा घालायचं नसतं. परदेशात राहणारा मुलगा यादीत येत नाही, आईला कितीही वाटलं तरी.

आपल्याकडे हा नियम सगळ्यात जास्त ज्यांच्या वाट्याला येतो ते ऊसतोड कामगार. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांच्या भागात उतरतात आणि हंगाम संपला की परततात. फेब्रुवारीत गावातल्या घराला कुलूप असतं, नाहीतर मागे आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडं असतात. ही माणसं उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांत, मोजली गेली पाहिजेत. तुम्ही मुकादम असाल, कारखान्याच्या परिसरातले शिक्षक असाल किंवा ज्याच्या रानात कोप्या पडल्या आहेत तो शेतकरी असाल, तर प्रगणकाला तिकडे घेऊन जा. कोपीवर घर क्रमांक नसतो, नकाशात ती नसते. कोणी बोट दाखवलं नाही तर ती वस्ती कागदावर येत नाही. ज्यांना डोक्यावर छप्परच नाही, त्यांच्यासाठी २०११ मध्ये २८ फेब्रुवारीची रात्र राखून ठेवली होती. स्टेशनं, पुलाखालच्या जागा, देवळांची आवारं फिरून त्या एका रात्रीत मोजणी झाली आणि देशात सुमारे १७.७ लाख बेघर माणसं नोंदली गेली.

यादी झाली की प्रत्येकापुढे वय लिहा. पूर्ण झालेली वर्षं लिहायची, चालू वर्ष नाही. जन्मतारीख माहीत असेल त्यांचा प्रश्न नाही. आजी-आजोबांना विचारलं की "लिही साठ" किंवा "सत्तर" असं उत्तर येतं. देशभरच्या आकड्यांत म्हणून शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांचे उंचच उंच ढीग दिसतात आणि म्हाताऱ्यांच्या योजनांचा हिशेब तिथेच चुकतो. आम्ही आठवणी विचारून वय काढायचो. पानशेतचं धरण फुटलं (१९६१) तेव्हा केवढी होतीस? कोयनेचा भूकंप झाला (१९६७) तेव्हा लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात कडेवर मूल होतं का? एक आजी म्हणाल्या, "भूकंपाच्या साली माझा थोरला रांगत होता आणि माझं लग्न चौदाव्या वर्षी झालेलं." तिथून मागे-पुढे मोजत आम्ही त्यांचं वय काढलं, ते त्यांनी सांगितलेल्या वयापेक्षा सहा वर्षांनी जास्त निघालं. हे काम प्रगणक दारात उभा असताना होत नाही. आदल्या संध्याकाळी निवांत होतं.

स्वतः भरायचं असेल तर

यावेळी पहिल्यांदाच प्रगणक मोबाइल ॲपवर माहिती भरतात आणि ज्यांना हवं त्यांना स्वगणनेची सोय आहे. प्रगणकांची फेरी सुरू होण्याआधीचे १५ दिवस त्यासाठी असतात. जनगणनेच्या सरकारी पोर्टलवर मोबाइल नंबरने शिरायचं, प्रश्न मराठीत निवडायचे, नकाशावर आपलं घर दाखवायचं, उत्तरं भरून पाठवून द्यायची. शेवटी एक क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा. प्रगणक आला की तो क्रमांक द्यायचा, तो पडताळून घेतो आणि तुमचं काम होतं. स्वगणना केली तरी प्रगणक दारात येतोच, त्याला "ऑनलाइन भरलंय" एवढंच सांगून परत पाठवू नका.

मोबाइलवर येणारा ओटीपी फक्त तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकायचा. फोन करून कोणी "जनगणनेतून बोलतोय, ओटीपी सांगा" म्हणालं तर फोन ठेवून द्या. खरा प्रगणक ओळखपत्र घेऊन येतो, ते मागून बघा, त्याला राग येत नाही. तो आधार, पॅन किंवा बँकेच्या खात्याचा नंबर मागत नाही, पैसे मागत नाही, कुठलंही कागदपत्र दाखवायला सांगत नाही. उत्पन्न किती, हाही प्रश्न जनगणनेत नाही.

माझं मत विचाराल तर घरात वडीलधारी माणसं असतील, त्यांची बोलीभाषा किंवा कामधंदा नीट नोंदवायचा असेल, तर स्वगणना एकट्याने मोबाइलवर उरकू नका. सगळ्यांना बसवून, प्रत्येकाला त्याचा प्रश्न वाचून दाखवून भरा. पंचवीस वर्षांच्या मुलाने पाच मिनिटांत भरलेल्या फॉर्ममध्ये आजी "निरक्षर" आणि आई "काही करत नाही" अशी होऊन बसते.

पहिली फेरी: घराचे ३३ प्रश्न

यातले बरेचसे प्रगणक बघूनच भरतो. जमीन, भिंत, छप्पर कशाचं, घर कशासाठी वापरात आहे, त्याची अवस्था कशी. मग कुटुंबप्रमुखाचं नाव. कुटुंबप्रमुख म्हणजे सगळ्यात वयस्क पुरुष असा नियम नाही. घरातली माणसं ज्याला प्रमुख मानतात तो किंवा ती. घर आई चालवत असेल तर आईचं नाव सांगा.

खोल्यांच्या प्रश्नाला लोक अडखळतात. फक्त स्वयंपाकासाठी वापरायची खोली, मोरी, बोळ, कोठी धरायची नाही. पण एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणं, अभ्यास सगळं होत असेल तर ती एक खोली धरायची. लगेच पुढे विवाहित जोडपी किती, हा प्रश्न असतो. लोकांना तो चोंबडा वाटतो. पण खोल्या आणि जोडपी शेजारी ठेवली की घरात किती दाटी आहे ते कळतं. २०११ मध्ये देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती, हे आपल्याला याच प्रश्नामुळे माहीत आहे.

पिण्याचं पाणी कुठून येतं, घरातच येतं की लांबून आणावं लागतं, सांडपाणी कुठे जातं, न्हाणीघर आहे का, गॅस आहे का आणि रोजचा स्वयंपाक खरोखर कशावर होतो, हे प्रश्न असतात. गॅस जोडणी असणं आणि गॅसवर स्वयंपाक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगळ्या विचारल्या जातात. टाकी कोपऱ्यात ठेवून रोज चुलीवर भाकरी होत असेल तर तसंच सांगा. इंटरनेट, फोन, वाहनं, मुख्यतः कुठलं धान्य खाता, हे पटपट होतं. शेवटी मोबाइल नंबर, तोही जनगणनेच्या कामापुरता.

संडासाच्या प्रश्नाला लोक मान खाली घालतात. मी पाहिलंय. एका घरी तरुण सून आणि सासरे समोर होते. सासरे "आहे" म्हणाले. सून काही बोलली नाही, पण माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, दाखवता का? परसात चार पत्रे उभे केले होते, आत खड्डाही नव्हता. मी "नाही" लिहिलं आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेले नाही. देशभरातल्या लाखो घरांनी २०११ मध्ये हे उत्तर खरं दिलं, म्हणून आवारात संडास असलेली कुटुंबं ४६.९ टक्के आणि फोन असलेली ६३.२ टक्के हे दोन आकडे एकाच वेळी देशासमोर आले. पुढची कित्येक वर्षं स्वच्छतेवरची प्रत्येक चर्चा याच आकड्यांपासून सुरू होत होती. अब्रू राखायला दिलेल्या "आहे"ने फक्त आपल्याच गल्लीची गरज पुसली जाते.

दुसरी फेरी: माणसागणिक प्रश्न

२०११ मध्ये या फेरीत २९ प्रश्न होते. नाव, नातं, लिंग, वय, वैवाहिक स्थिती, धर्म, अनुसूचित जाती-जमाती, अपंगत्व, भाषा, शिक्षण, काम, जन्मस्थळ, स्थलांतर, मुलं. आता त्यात प्रत्येकाच्या जातीची नोंदही आहे. सगळे प्रश्न अवघड नाहीत. जिथे उत्तर हमखास चुकतं, तिथेच थांबते.

*बायकांचं काम.* मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्याबद्दल. एका घरी मी विचारलं, "या काय काम करतात?" नवऱ्याने उत्तर दिलं, "ती घरीच असते." ती बाई तेवढ्यात रानातून आली होती. हरभरा काढणीचे दिवस. हरभऱ्याच्या आंबेने तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या आणि त्या हातांनी ती माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तिला विचारलं, "वर्षातून किती महिने शेतात असता?" ती हसली आणि म्हणाली, "पाऊस पडल्यापासनं शिमग्यापर्यंत." तिला मी शेतकरी म्हणून लिहिलं. नवऱ्याने हरकत घेतली नाही. त्याला ते कधी सुचलंच नव्हतं.

जनगणनेत काम म्हणजे फक्त पगाराची नोकरी नाही. घरच्या शेतात मोबदल्याविना केलेली मेहनत काम आहे. दुकानात नवऱ्याबरोबर बसणं काम आहे. आजवरच्या व्याख्येत घरच्यापुरतं दूध काढण्यासाठी जनावरं सांभाळणंही काम धरलेलं आहे. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारी, कमी केलं तर सीमांतिक. प्रगणक यातला फरक विचारेलच, न विचारल्यास तुम्ही सांगा. २०११ मध्ये काम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण ५३.३ टक्के आणि बायकांचं २५.५ टक्के निघालं. ज्याने खेड्यात एक हंगाम काढलाय त्याला हा दुसरा आकडा खरा वाटणार नाही. या उत्तरांवरूनच शेतकरी किती, शेतमजूर किती, त्यांत बायका किती हे ठरतं आणि शेतीच्या योजना आखणारे तेच आकडे समोर ठेवतात. तेव्हा या प्रश्नाला नवऱ्याने, दिराने, मुलाने उत्तर देऊ नये. ज्या बाईबद्दल प्रश्न आहे तिला बाहेर बोलवा.

*किती मुलं झाली, त्यातली किती हयात.* २०११ च्या फॉर्ममध्ये हा प्रश्न लग्न झालेल्या सगळ्या बायकांना होता, विधवा आणि घटस्फोटितांनाही. गेलेलं मूल मोजायचं म्हणजे जखमेवरची खपली काढणं आहे, आणि सासूसमोर, शेजारणींसमोर तर बोलवतही नाही. प्रगणकाला सांगा की मला आत येऊन एकटीला विचारा. तसं सांगायचा हक्क आहे. बालमृत्यूचा जिल्ह्याजिल्ह्यांतला अंदाज या उत्तरांतून निघतो, म्हणून गेलेलं मूल सांगितलं गेलं पाहिजे. लहान मुला-मुलींचे आकडे काय करू शकतात याचा दाखला आपल्यासमोर आहे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत देशात हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४५ मुली होत्या, २००१ मध्ये ९२७ राहिल्या. २०११ च्या तात्पुरत्या आकड्यांत बीड जिल्ह्यात ही संख्या ८०१ दिसली तेव्हा राज्य हादरलं आणि सोनोग्राफी केंद्रांची झडती सुरू झाली. त्या मुली कुठे गेल्या हे कुठल्याही दवाखान्याच्या नोंदवहीत लिहिलेलं नव्हतं. ते घरोघरच्या मोजणीतून बाहेर पडलं.

*मातृभाषा.* लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती. शाळेची भाषा नाही, राज्याची भाषा नाही. आई अहिराणी बोलायची तर अहिराणी सांगा. गोंडी, कोरकू, भिली, पारधी, वडारी, जे असेल ते त्याच नावाने सांगा. प्रगणकाने आपल्या मनाने "मराठीच ना?" म्हणून पुढे जाऊ नये आणि गेलाच तर त्याला थांबवा. एका घरातल्या सासू-सुनेची मातृभाषा वेगळी असू शकते. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं १९ हजारांच्या वर होती, ती पारखून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. मराठी सांगणारे ८.३० कोटी निघाले आणि मराठी देशात तिसरी ठरली. मराठीचा अभिमान असणाऱ्यांनाही मी सांगेन की ज्याची बोली वेगळी आहे त्याला ती वेगळी सांगू द्या. ज्या भाषेची नोंद नाही, तिच्यात पहिलीची पुस्तकं हवीत असं कोणाला पटवून देणार? मातृभाषेनंतर येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतात, त्याही सांगा.

*जात.* १९३१ नंतर सगळ्या जातींची नोंद जनगणनेत पहिल्यांदाच होते आहे, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यांनाच नवा आहे. २०११ मध्ये जनगणनेबाहेर एक सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय पाहणी झाली होती. त्यात जातींची ४६ लाखांवर नावं गोळा झाली, आणि केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितल्याप्रमाणे १९३१ ला ती ४,१४७ होती. कोणी आडनाव सांगितलं, कोणी गोत्र, कोणी पोटजात, कोणी तेच नाव वेगळ्या स्पेलिंगने. ती माहिती वापरताच आली नाही. म्हणून आडनाव सांगून थांबू नका. जातीच्या दाखल्यावर जे नाव आहे ते नीट उच्चारून सांगा आणि प्रगणकाने काय लिहिलं ते वाचून घ्या. अनुसूचित जातींत येणाऱ्यांनी "हरिजन" किंवा "मागासवर्गीय" असं मोघम सांगू नये, जातीचं नाव सांगावं. बौद्ध कुटुंबांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध सांगितलं म्हणून अनुसूचित जातीची नोंद जात नाही, १९९० पासून कायद्याने दोन्ही एकत्र चालतं. हे दोन वेगळे रकाने आहेत, दोन्ही भरून घ्या.

*साक्षरता आणि अपंगत्व.* सात वर्षांच्या आणि त्यावरच्या कुणालाही कुठल्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येत असेल तर तो साक्षर. शाळेत गेलेला असायची गरज नाही. फक्त सही येते म्हणजे साक्षर नाही. अपंगत्वाच्या बाबतीत घरचेच लपवतात, मुलीचं लग्न व्हायचंय म्हणून, नाहीतर मुलाच्या मनाचा आजार बाहेर कळू नये म्हणून. २०११ मध्ये २.६८ कोटी, म्हणजे शंभरात सव्वादोन माणसं नोंदली गेली. तुमच्या ओळखीच्या शंभर जणांत किती आहेत ते मोजून पाहा.

*जन्मस्थळ आणि स्थलांतर.* लग्न होऊन आलेल्या बाईचं जन्मगाव विचारतात, तेव्हा सासरचं गाव सांगून मोकळं होऊ नका. आधी कुठे राहत होता, इथे किती वर्षं झाली, का आलात, हे सरळ सांगा.

नवऱ्याचं नाव घ्यायला संकोच वाटणाऱ्या आजी अजूनही आहेत. १९४८ च्या जनगणना कायद्यात त्यांना मुभा आहे. रीतीने जे नाव घ्यायचं नाही ते सांगायची सक्ती बाईवर नाही आणि घरातल्या बाईचं नाव सांगायची सक्ती पुरुषावर नाही. पहिल्या बाबतीत नातू पुढे होऊन सांगतो. दुसऱ्या बाबतीत मात्र माझं म्हणणं आहे, मुभा असली तरी वापरू नका. नावाच्या रकान्यात घरातल्या प्रत्येक बाईचं नाव असू द्या.

ही माहिती कोणाला दिसते

याच कायद्याच्या कलम १५ नुसार तुमचा फॉर्म कोणीही तपासायला मागू शकत नाही आणि दिवाणी खटल्यात तो पुरावा म्हणून चालत नाही. भाऊबंदकीच्या वादात "जनगणनेत तू एकत्र कुटुंब लिहिलंस" असं कोर्टात म्हणता येत नाही. प्रगणकाने माहिती फोडली तर त्याला दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. उलट बाजूने, उत्तर द्यायला नकार दिला तर नागरिकालाही एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जाहीर होतात ते फक्त बेरजेचे आकडे. गावाची माणसं किती, घरं किती, साक्षर किती. २०११ चे तुमच्या गावाचे आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत आहेत आणि जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. प्रगणक यायच्या आधी एकदा उघडून बघा. पंधरा वर्षांपूर्वीचं आपलं गाव तिथे जसंच्या तसं थांबलेलं दिसतं.

तेच थांबलेलं गाव आजही कामकाजात वापरलं जातं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातले ७५ टक्के आणि शहरी भागातले ५० टक्के लोक स्वस्त धान्याला पात्र धरले. हे टक्के २०११ च्या लोकसंख्येवर लावले म्हणून देशाचा कोटा सुमारे ८१ कोटींवर थांबला. त्यानंतर जन्मलेली मुलं त्या हिशेबात नाहीत. रेशन दुकानात "कोटा भरला, नवीन नाव चढत नाही" हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल, त्यामागे हे मोठं कारण आहे. महापालिकांचे प्रभाग आणि त्यांतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा, राज्यांना मिळणारा केंद्रीय करांतला वाटा, सगळीकडे लोकसंख्या लागते आणि ती शेवटच्या पूर्ण जनगणनेचीच घ्यावी लागते. लोकसभा आणि विधानसभांतलं महिला आरक्षण २०२३ च्या घटनादुरुस्तीने पुढच्या जनगणनेला आणि तिच्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलं. आरोग्याच्या आणि रोजगाराच्या मोठ्या नमुना पाहण्या कुठल्या गावात करायच्या, हेसुद्धा जनगणनेच्या यादीतूनच निवडतात.

प्रगणक निघण्याआधी आणि नंतर

त्याने भरलेली नावं आणि वयं एकदा वाचून दाखवायला सांगा. तुम्ही आदल्या दिवशी केलेला कागद हातात धरा आणि माणसं जुळवा. तो थकलेला असेल. मी होते. एका दिवसात पंधरा-वीस घरं झाली की डोळ्यांपुढे रकाने फिरायला लागतात आणि तेव्हा घरच्यांनी "बाई, धाकटीचं वय बघा, नऊ नाही सहा" असं म्हटलं की बरं वाटतं.

२०११ मध्ये १ ते ५ मार्चला आम्ही सगळ्या घरांत पुन्हा गेलो होतो. आधीच्या भेटीनंतर पण २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीआधी बाळ जन्मलं असेल तर वाढवायचं, कोणी गेलं असेल तर नाव कमी करायचं. मध्यरात्रीनंतर जन्मलेलं बाळ धरायचं नाही. अशी भेट तुमच्याकडे झाली तर मृत्यूची गोष्टही सांगा, अवघड वाटली तरी.

मुदत संपत आली आणि कोणी आलंच नाही, तर वाट बघत बसू नका. शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे कोणत्या दिवशी आले होते, कोण आलं होतं. बहुतेकदा प्रगणक जवळच्या शाळेतलाच शिक्षक असतो. ग्रामीण भागात तहसील कार्यालयात आणि शहरात महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या जनगणना कक्षात जा. आपला पत्ता, शेजारच्या घराला दिलेला घर क्रमांक आणि घरातल्या माणसांची ती यादी सोबत न्या आणि आमचं घर राहिलं आहे असं लेखी द्या.